दरसाल चार बोटं

गोंदिया जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा झाला तेव्हा मी दहावीला होते. गावात लाडू वाटले. माझ्या वडिलांनी लाडू खाल्ला, हात धोतराला पुसले आणि ओसरीवर जमलेल्या चार जणांना सांगितलं, "आजवर आपल्याले नाडाले सरकारले भंडाऱ्याहून यावं लागत होतं. आता गोंदियाहून येईन. सोय सरकारची झाली, आपली नाही." चौघंही हसले. दुसरा लाडू मात्र बाबांनी मागून घेतला.

आमच्या घरचं राज्यशास्त्र हे असं होतं. पुढे मी डी.एड. केलं, चिचगडकडच्या जिल्हा परिषद शाळेत नोकरीला लागले, पोरांना नागरिकशास्त्रही शिकवलं. पण माणूस आणि सरकार या विषयाचे माझे पहिले धडे ओसरीवरचेच. बाबांचा सिद्धांत दोन कलमांचा होता. माणूस आतून लबाड असतो, हे पहिलं. धाक आहे तोवर तो सरळ चालतो, धाक उठला की मूळ वळणावर जातो, आणि शाळा, भाषणं, योजना यांनी त्याच्यात तसूभर फरक पडत नाही. दुसरं कलम पहिल्यातूनच निघत होतं. "सरकारनं दोनच कामं करावी. चोर धरावा आन् धुरा सांभाळावा. बाकी सारं मानसानं आपआपलं पाहावं."

आमच्याकडे धानाच्या शेताच्या एकेका तुकड्याला बांधी म्हणतात आणि दोन बांध्यांमधल्या मातीच्या बांधाला धुरा. तुझं कुठे संपलं आणि माझं कुठे सुरू झालं, हे सांगणारी ती एकच गोष्ट. धुऱ्याला बाबा देवाखालोखाल मानत. "धुरा गेला की गाव गेलं," असं ते म्हणत आणि ऐकणारे माना डोलवत, कारण ऐकणाऱ्यांत निम्मे आमच्याच बांध्यांत राबणारे असत.

सिद्धांत पक्का असला तरी त्याला पळवाटा होत्या. रेशनचा स्वस्त तांदूळ सुरू झाला तेव्हा बाबा कडाडले, फोकटचं खाऊन मजूर धान लावायला, रोवणीला येत नाहीत, सरकार मानसाची आदत बिघडवून राहिलं. मात्र तेच सरकार आमचं धान हमीभावानं घ्यायला उशीर करू लागलं की बाबा खरेदी केंद्रावर जाऊन सर्वांच्या आधी भांडत. तो आमचा हक्क. मजुराची ती आदत. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, इतका साधा हिशेब होता. सरकारी नोकर म्हणजे कामचुकार, असं सकाळी म्हणणारा हाच माणूस संध्याकाळी माझ्यासाठी आलेल्या स्थळाला विचारी, "पोरगा सरकारी हाये ना?" मला राग यायचा. आई म्हणायची, बापाला तोंडावर बोलू नये. मग मी पाठीमागे बोलायचे.

आणखी एक पाठ असलेला धडा होता. आपले पूर्वज माळव्यातून आले, इथलं रान तोडून त्यांनी धानाची शेती उभी केली, "कोन्या सरकारनं मदत केली होती?" कुठल्याशा राजानं बोलावून जमिनी दिल्या म्हणून ते आले, हे मी एकदा पुस्तकात वाचून सांगितलं. बाबा आभाळाकडे बोट करून म्हणाले, "ते पाहा."

आमचं गाव बिरसीच्या अलीकडे. तिथे विमान चालवायला शिकवण्याची शाळा निघाली होती आणि शिकाऊ पोरांची छोटी विमानं दिवसभर आमच्या बांध्यांवर घिरट्या घालत. बाबांना त्याचा मोठाच उपयोग झाला. वादात अडचण आली की ते वर बोट दाखवत. "लोकाईले चालाचं समजून नाही राहिलं, आन् सरकार उडाले शिकवून राहिलं." समोरचा वर बघे, विमान डोक्यावरून निघून जाई आणि मूळ प्रश्नही त्याच्याबरोबर जाई.

गावातले तंटे गावातच मिटवायची सरकारी मोहीम आली ती याच काळात. गावोगावी समिती, समितीला अध्यक्ष, तंटे मिटवल्याची नोंदवही, आणि सगळे मिटले तर बक्षीस व वेशीवर 'तंटामुक्त गाव' असा फलक. बाबांनी आधी यथेच्छ टिंगल केली. "मानूस हाये तवर तंटा हाये. तंटा मिटत नाही, दबते." पण ग्रामसभेत अध्यक्षपदासाठी त्यांचं नाव पुढे आलं, लाल प्लास्टिकची खुर्ची पुढे आली आणि गळ्यात हार पडला. माणसाचा स्वभाव बदलत नाही म्हणणारे बाबा दोन मिनिटांत बदलले.

समितीत लिहिणारं कोणी हवं होतं. माझं अक्षर चांगलं, मी दर शनिवारी घरी येते आणि बाईही आहे, असे तीन फायदे ग्रामसेवकाला एकदम दिसले. अशी नोंदवही माझ्याकडे आली.

वर्षभरात बाबांनी बरेच तंटे मिटवले. एकीच्या कोंबड्या दुसरीच्या भाजीत जात होत्या, दोघे भाऊ एका बोअरिंगवरून बोलत नव्हते, असे. पद्धत सरळ होती. दोघांना समोर उभं करायचं, आवाज चढवायचा आणि "दोघंही लबाड हाव" असं जाहीर करायचं. दोघांचाही अपमान सारखाच झाल्याने न्याय झाल्यासारखा वाटे. मी वळणदार अक्षरात लिहायचे, 'वाद सामोपचाराने मिटला.' खाली सह्या, अंगठे.

शेवटी एक तंटा उरला. तो अध्यक्षांच्याच धुऱ्याचा होता.

आमच्या शेताच्या खालच्या अंगाला लागून गावातल्या एका मावशीच्या दोन बांध्या होत्या. ती बुद्धविहाराकडच्या वस्तीतली, विधवा. तिच्या सासऱ्याने आमच्या आजोबांकडे उभं आयुष्य राबून त्या बांध्या विकत घेतल्या होत्या. मधल्या धुऱ्यावर मोहाचं जुनं झाड होतं. झाड धुऱ्यावर, म्हणजे दोघांचं. पण सासरा जमीन घेताना आजोबांनी शब्द दिला होता की मोह, म्हणजे पहाटे गळणारी फुलं, वेचायचा तो त्यांच्या घरच्या बाईने. मावशी लग्न होऊन आली तेव्हापासून वेचत होती. होळीच्या सुमाराला ती झाडाखालचा पाला झाडून जाळायची, जागा स्वच्छ करायची आणि मग रोज उजाडता टोपली घेऊन यायची. वाळवलेला मोह काही घरात राही, काही बाजारात जाई. तिच्या धाकट्या लेकीची शाळेची दप्तरं, पुस्तकं, चप्पल सगळं त्या झाडाचं होतं. बांध्यांतलं धान खायला पुरायचं, त्याच्यापलीकडचं जे काही, ते मोहाचं.

त्या वर्षी आमच्या गड्याने तिला अडवलं. झाड पाटलाच्या, म्हणजे आमच्या, बांधीत आहे, म्हणाला. मावशी आमच्या ओसरीच्या पायरीशी येऊन उभी राहिली. बाबा शांतपणे म्हणाले, "जाऊन पाह्य. धुरा कुठं हाये, झाड कुठं हाये."

मी जाऊन पाहिलं. झाड खरंच आमच्या बांधीत होतं, धुऱ्यापासून चांगलं साडेतीन हात आत, बुंध्याशी मातीचा उंचवटा धरून. लहानपणी मी त्याच झाडाच्या मुळांवर बसून डबा खाल्ला होता आणि दोन्हीकडे पाय सोडले होते, एक आमच्या चिखलात आणि एक त्यांच्या. झाड चालत नाही, एवढं तर चौथीच्या पोरालाही शिकवावं लागत नाही.

चालला होता तो धुरा. तो कसा चालतो हे आमच्या भागातल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे आणि कोणीही सांगत नाही. रोवणीआधी धुऱ्यावरचं गवत काढायचं, फावड्याने बाजू छाटून साफ करायची. आपल्याच बाजूने छाटायचं, कोणी नाही म्हणत नाही. मग धुरा बारीक झाला म्हणून चिखलाचा लेप द्यायचा, तो पलीकडच्या बाजूने. पलीकडच्याला वाटतं, पाटलाने आपलाही धुरा बांधून दिला. दरसाल चार बोटं. आजोबांनी केलं, बाबांनी केलं, गड्याला शिकवलं. पावसात कोण मोजायला बसतं? पंचवीस पावसाळ्यांत मावशीच्या सासऱ्याचं आयुष्य थोडं थोडं करून आमच्या धानाखाली आलं होतं.

मला याचा फार संताप आला होता, असं आता लिहिणं सोपं आहे. तेव्हा मी काय केलं ते सांगते. तपासणी पथक येणार होतं, ग्रामसेवक घाई करत होता, बाबा म्हणाले, "लिवून टाक, ती सही करते." मी लिहिलं. 'धुऱ्याचा व मोहाच्या झाडाचा वाद सामोपचाराने मिटला.' सहीसाठी खाली जागा सोडली. अक्षर नेहमीपेक्षा जरा जास्तच चांगलं आलं होतं.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरली. बाबा लाल खुर्चीत. मावशी बायकांच्या मागे उभी होती, तिला पुढे बोलावलं. सगळ्या गावाची नजर तिच्यावर होती, कारण फलक आणि बक्षीस तिच्या एका सहीसाठी अडलं होतं. बाबांनी आधी भाषण केलं. माणूस कसा हावरा असतो, आपला हट्ट सोडत नाही, एका माणसाच्या लोभापायी गावाचं कसं नुकसान होतं. हे सगळं ते मावशीकडे बघून बोलत होते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण; आणि पाषाणाच्या गळ्यात हार होता.

मावशीने पदर खोचला. आवाज चढवला नाही.

"पाटील, तुमी दरसाल सांगता, मानूस आतून लबाड असते, त्याच्यावर विसवास नोको. मीनं आयकलं. मले पटलं. मंग मी तुमच्यावर कायले विसवास ठेवू? मोजणी होऊ द्या."

"मी का चोर हाव?" बाबा खुर्चीतून अर्धे उठले.

"चोर नाही म्हनून राहिली मी. मानूस म्हनून राहिली."

मागच्या बाजूला कोणीतरी हसलं आणि मग खोकल्याचं सोंग केलं. बाबांनी सवयीने आभाळाकडे बोट केलं. विमान खरोखरच चाललं होतं. पण त्या दिवशी वर कोणी पाहिलं नाही.

तिच्यावर पुढे दोन महिने जो दाब आला तो मी पाहिला आहे. दुकानात तिला शेवटी माल मिळे. नळावर बायका तिच्याशी बोलेनात. तिच्याच वस्तीतले दोघे-तिघे समजावून गेले, कायले पाटलाशी वाकडं घेतं, एक झाड तर हाये. मोहाचा हंगाम तिच्या डोळ्यांदेखत गेला. आमचा गडी वेचत होता आणि ती आपल्या बाजूच्या धुऱ्यावर उभी राहून बघत होती. त्या वर्षी तिची लेक शाळा सोडून रोवणीला जाईल, असं गावात सगळे धरून चालले होते. मी मास्तरीण. मीही धरून चालले होते.

मावशीने तालुक्याच्या कचेरीत मोजणीचा अर्ज टाकला आणि खेटे घातले. बाबा खुशीत होते. सरकार कधी वेळेवर काम करतं का? सिद्धांताप्रमाणे मोजणीवाला तीन वर्षं यायला नको होता.

तो मे महिन्यातच आला. पोरगेलासा, टोपी घातलेला, तिपाईवर यंत्र लावणारा. बाबांनी त्याला ताक पाजलं, माळव्यापासूनचा इतिहास ऐकवला. त्याने ताक प्यायलं, नकाशा उघडला, यंत्राला डोळा लावला. इकडून तिकडे, तिकडून इकडे. मग आमच्या बांधीत शिरला, मोहाच्या झाडापर्यंत आला, झाडाच्याच रेषेत दोन पावलं बाजूला सरकला आणि पायाने खूण करून म्हणाला, "इथे खोदा."

आमच्याच गड्याने खोदलं. हातभर खाली कुदळ ठणकली. हद्दीचा दगड होता, चौकोनी, वर खूण कोरलेली. झाड त्या रेषेवरच उभं होतं, जसं ते माझ्या लहानपणी होतं.

मी बाबांच्या चेहऱ्याकडे बघत होते. चोरी पकडली गेल्यावर माणूस जसा चोरटा दिसतो, तसे ते दिसावेत अशी माझी इच्छा होती. तसं झालं असतं तर मला बरं वाटलं असतं. पण ते खरोखर चकित झाले होते. ते वाकून दगडाकडे बघत राहिले. दरसाल धुरा छाटणं हे त्यांच्या लेखी काम होतं, नांगरणीसारखं. जगातल्या सगळ्या माणसांचा लबाडपणा त्यांना पाठ होता, आणि या एका माणसाची त्यांनी कधी चौकशीच केली नव्हती.

"मशीन बराबर हाये ना?" त्यांनी विचारलं.

"मशीन सोडा, काका," मोजणीवाला म्हणाला. "दगड बघा."

सरकारने दोनच कामं करावी, असं बाबांचं आयुष्यभर मागणं होतं. त्या सकाळी सरकारने दोन्ही केली, तीही एका खड्ड्यात.

बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी गड्याला घेऊन स्वतः गेले आणि धुरा दगडाच्या रेषेत घातला. माफी वगैरे मागितली नाही. आमच्या घरात ती वस्तू ठेवलेलीच नव्हती. अध्यक्षपदही सोडलं नाही. फक्त ओसरीवर माणसाच्या स्वभावावर बोलणं बंद झालं, आणि खरं सांगायचं तर ओसरी भकास वाटू लागली.

त्याच आठवड्यात ग्रामसेवक माझ्याकडे आला. तुमची ओळ आता खरीच झाली आहे, म्हणाला, नुसती सही घ्या. मी वही घेऊन मावशीच्या घरी गेले. तिने हात पुसले, वही मांडीवर घेतली आणि एकेक अक्षर लावत वाचलं. सामोपचाराने या शब्दावर ती बराच वेळ थांबली.

"हे कवा लिवलं वो?"

मी म्हणाले, "काल."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग शाईकडे. ती ओळ दोन-अडीच महिने जुनी होती, वरच्या ओळींइतकीच फिकी. तिने सही केली. त्या वर्षी फलक मिळाला आणि वेशीवर लागला. लेकीची शाळा सुटली नाही; ते वर्ष मावशीने उसनवारीवर काढलं आणि पुढचा मोह तिनेच वेचला.

त्याच वर्षी जूनमध्ये, रोवणीआधी, मी घरी होते. बाबांनी सकाळी फावडं घेतलं आणि मला म्हणाले, "चल." गड्याला घेतलं नाही. आम्ही खालच्या धुऱ्यावर गेलो. मावशी पलीकडे तिच्या बांधीत वाकून काम करत होती. बाबा धुऱ्यावर उभे राहिले, फावडं टेकवलं आणि तिला हाक मारली.

"बाई, इकडं ये. इथं उभी राह्य."

"काऊन?"

"मी धुरा छाटून राहिलो." पुढचं वाक्य त्यांना जड गेलं. "माह्यावर लक्ष ठेव."

मला वाटलं, ती हसेल. ती हसली नाही. चिखलाचे पाय तसेच घेऊन वर आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि बाबा गवत काढत होते तेवढा वेळ फावड्याच्या पात्यावरून तिने नजर हलवली नाही. एकदा म्हणाली, "जास्त चाललं." बाबांनी फावडं मागे घेतलं. सत्तरी गाठलेला माझा बाप, ज्याने गावाला आयुष्यभर धाकात ठेवलं, तो एका बाईच्या धाकात सरळ रेषेत गवत काढत होता. आणि मला त्यांच्याबद्दल पहिल्यांदाच अभिमान वाटला, हे मी इथे लिहून ठेवते, कारण त्यांना सांगितलं नाही.

काम झाल्यावर बाबा घाम पुसत बाजूला झाले. मावशी म्हणाली, "जाता कुठं? आता मी माही बाजू छाटतो. तुमी उभे राहा."

"मी कायले? तू काय..."

"मी बी मानूसच हाव, पाटील."

बाबा उभे राहिले. ती छाटत होती, ते बघत होते. मी चपला हातात घेऊन मोहाच्या मुळांवर बसले होते, मला मजा वाटत होती. बापाचा सिद्धांत बापावर उलटला, मावशीने तो स्वतःलाही लावला, सगळं कसं वर्गात सांगण्यासारखं. मावशीने फावडं खाली ठेवलं, कंबर सरळ केली आणि माझ्याकडे वळली.

"आन् मास्तरीन, तुह्या वहीपाशी कोन उभा राहाचा?"

बाबांनीही माझ्याकडे पाहिलं. मी पटकन वर बघितलं. बिरसीकडचं आभाळ त्या वेळी अगदी मोकळं होतं.